खटाऱ्याची शर्यत

पाच रुपये बारा आणे. हिंदी चित्रपटाच्या इतिहासात एवढ्या किरकोळ रकमेवर एवढा मोठा डोलारा क्वचितच उभा राहिला असेल. १९५८ साली आलेल्या ‘चलती का नाम गाडी’ या चित्रपटात पावसाळी रात्री एका श्रीमंत मुलीची मोटार बंद पडते. ती गॅरेजात येते, मेकॅनिक गाडी दुरुस्त करून देतो आणि मुलगी मजुरी न देताच निघून जाते. ही मजुरी म्हणजे ते पाच रुपये बारा आणे. ती वसूल करायला निघालेला मेकॅनिक नाटकगृहात पोचतो, दमून तिच्याच गाडीत झोपी जातो, थेट तिच्या बंगल्यात जाऊन पडतो आणि शेवटी प्रेमात पडतो. पुढे खलनायक येतात, मारामाऱ्या होतात, मोटारींची शर्यत होते. शक्य आणि अशक्य यांतली सीमारेषा दिग्दर्शकाने केव्हाच पुसून टाकलेली असते. तरीही सहा दशके उलटून गेल्यावर लोक हा चित्रपट पाहतात आणि पोट धरून हसतात.

का हसतात, हा या लेखाचा विषय आहे. हाच प्रश्न जरा रुंद केला तर असा मांडता येईल: मोटारी, त्यांच्या शर्यती आणि त्यांभोवतीचा बेफाम धुडगूस दाखवणारे विनोदी चित्रपट शंभरहून अधिक वर्षे का चालत आले आहेत? नेहमीचे उत्तर ‘वेगाचे आकर्षण’ असे दिले जाते. हे उत्तर मला अपुरे वाटते. वेगच पाहायचा असेल तर खऱ्या शर्यती आहेत, गंभीर शर्यतपट आहेत. विनोदी शर्यतपटाची गोडी दुसऱ्याच एका प्रश्नात दडलेली आहे. गाडी ज्याच्या नावावर आहे तो मोठा, की जो तिच्या पोटात हात घालून तिला चालती ठेवतो तो? हा प्रश्न सरळ विचारला तर भांडण होते. शर्यतीच्या निमित्ताने, आरडाओरडा करत विचारला तर हशा होतो.

मी कुठल्या विद्यापीठात चित्रपट शिकलेलो नाही. गॅरेजांना सुटे भाग पुरवणाऱ्या एका दुकानात हिशेब लिहिण्यात माझी बरीच वर्षे गेली आणि चित्रपट पाहणे, वाचणे, टिपणे काढणे हे त्या हिशेबांच्या वह्यांशेजारीच चालले. त्यामुळे एक गोष्ट मला पुस्तकांआधी गल्ल्यावर कळली. गाडीचा मालक सुट्या भागांचे पैसे फारशी खळखळ न करता देतो, कारण भाग डोळ्यांना दिसतो, त्यावर कंपनीचा छाप असतो. घासाघीस होते ती मजुरीवर. ‘एवढंसं तर काम, त्याचे एवढे?’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की पडद्यावरच्या त्या पाच रुपये बारा आण्यांची गोष्ट मला कधीच निव्वळ गंमत वाटली नाही.

तीन भाऊ आणि एक गाडी

चित्रपटाचे दिग्दर्शक सत्येन बोस. संगीत सचिनदेव बर्मन यांचे, गीते मजरूह सुलतानपुरी यांची. गॅरेज चालवणारे तीन भाऊ म्हणजे खंडव्याच्या गांगुली घराण्यातले खरेखुरे तीन भाऊ: थोरला ब्रिजमोहन अशोककुमार, मधला जगमोहन अनुपकुमार आणि धाकटा मनमोहन ऊर्फ मन्नू किशोरकुमार. रेणू ही मधुबाला. थोरल्याचा स्त्रीजातीवर राग, त्यामुळे गॅरेजात बाईचे नावही काढायचे नाही असा दंडक. समोर राजा हरदयालसिंगाच्या भूमिकेत के. एन. सिंग, श्रीमंत घरच्या मुलींवर डोळा ठेवणारा भामटा.

या सगळ्यांच्या बरोबरीने वावरते ती भावांची स्वतःची गाडी. जुन्या घडणीची, ऐन पन्नाशीच्या दशकातही कालबाह्य दिसणारी, खडखड वाजणारी. मुंबईच्या रस्त्यांवरून तिघे तिच्यात बसून हॉर्नच्या तालावर गात जातात, तेव्हा त्या गाडीलाही चौथ्या भावाचा मान मिळतो. उत्तरार्धात ही म्हातारी झकपक गाड्यांच्या शर्यतीत उतरते आणि प्रेक्षकाचा जीव तिच्यात अडकतो. शर्यत कशी होईल याचा अंदाज सगळ्यांना असतो. तरीही खुर्चीच्या कडेवर सरकून पाहावेसे वाटते.

आज पाहणाऱ्याला ती गाडी म्हणजे दिग्दर्शकाची विनोदी कल्पना वाटेल. १९५८ च्या प्रेक्षकासाठी ती रोजची गोष्ट होती. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला मोटारी जुळवायला सुरुवात केली. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून स्वातंत्र्याच्या सुमारास गाड्या बाहेर पडू लागल्या. स्वातंत्र्यानंतर सरकारने धोरण ठरवले की नुसते सुटे भाग आणून जुळवणाऱ्यांना यापुढे थारा नाही, येथे बनवणाऱ्यांनाच राहता येईल. त्यानंतर जनरल मोटर्सने १९५४ मध्ये गाशा गुंडाळला आणि फोर्डनेही त्याच सुमारास काढता पाय घेतला. नव्या गाड्या मोजक्या, आयातीवर निर्बंध. मग रस्त्यावर उरले काय? वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या विलायती गाड्या, ज्यांचे भाग मिळत नव्हते आणि ज्या बनवणाऱ्या कंपन्याच निघून गेल्या होत्या.

अशा गाड्या कंपनीच्या भरवशावर चालत नाहीत, मेकॅनिकच्या डोक्यावर चालतात. एका गाडीचा भाग घासून दुसरीला बसवायचा, नसलेला भाग लेथवर कातून घ्यायचा, तेही जमले नाही तर तारेने आवळायचा. ‘चलती का नाम गाडी’ या नावाचा अर्थ त्या काळात म्हणूनच शब्दशः होता. नवी कोणती, कुणाची, केवढ्याची हे सगळे बाजूला. चालते ती गाडी. टंचाईच्या देशात कारागीर हा गाडीचा खरा धनी असतो, हे या चित्रपटाने व्याख्यान न देता सांगितले.

मजुरीची रक्कमही लक्षात घेण्याजोगी आहे. १ एप्रिल १९५७ पासून देशात दशमान नाणी आली होती. बारा आण्यांचे पंचाहत्तर नवे पैसे झाले होते. तरी मन्नू आण्यातच मागतो. सरकार बदलले, नाणे बदलले, पण कष्टकऱ्याच्या तोंडचा हिशेब इतक्या लवकर बदलत नाही. पावसाच्या रात्रीच्या त्या प्रसिद्ध गाण्यात मन्नू हातातली अवजारे तालावर वाजवतो. त्या चालीवर ‘सिक्स्टीन टन्स’ या अमेरिकी गाण्याची छाया असल्याचे संगीताचे जाणकार सांगत आले आहेत. मर्ल ट्रॅव्हिसने लिहिलेले आणि १९५५ मध्ये टेनेसी अर्नी फोर्डच्या आवाजात गाजलेले ते मूळ गाणे कोळसा खाणीतल्या मजुराचे आहे. राबराब राबूनही कंपनीच्या दुकानाचे देणे फिटत नाही अशा माणसाचे. बर्मनदांनी हे जाणून केले की चाल आवडली म्हणून घेतली, याने फरक पडत नाही. कष्टाचे मोल न मिळालेल्या दोन माणसांना एकच ठेका लाभला, एवढे मात्र खरे.

वेडेपणाला रूळ हवा

आता शर्यतीकडे वळू. विनोदी चित्रपटाला शर्यत एवढी का मानवते? कारण शर्यत ही जगातली सर्वांत सोपी गोष्ट आहे. इथून सुटायचे, तिथे पोचायचे, जो आधी पोचेल तो जिंकला. समजावून सांगायला एक मिनिट लागत नाही. चौकट इतकी सरळ असली की आत कितीही वाकडेपणा खपतो. चाक निखळले, स्टिअरिंग हातात आले, गाडी उलटी धावू लागली, तरी आपण कुठे आहोत आणि कुठे जायचे आहे हे प्रेक्षक विसरत नाही. कीर्तनकार उत्तररंगात कितीही आडवळणे घेतो, कारण मूळ अभंग श्रोत्यांच्या मनात पक्का असतो. शर्यत हा विनोदी दिग्दर्शकाचा अभंग आहे.

चित्रपट पाळण्यात होता तेव्हाच हे उमगले होते. चार्ली चॅप्लिनचा जगप्रसिद्ध भटक्या, म्हणजे तोकडा कोट, ढगळ विजार, काठी असा अवतार, प्रेक्षकांपुढे पहिल्यांदा आला तो ‘किड ऑटो रेसेस अ‍ॅट व्हेनिस’ या छोट्याशा चित्रपटात, फेब्रुवारी १९१४ मध्ये. कॅलिफोर्नियातल्या व्हेनिस या गावी लहान मुलांच्या मोटारगाड्यांची खरी शर्यत चालू होती. तिथे कॅमेरा लावला होता आणि चॅप्लिनचे काम एकच: शर्यतीचे चित्रण करणाऱ्या माणसाच्या कॅमेऱ्यापुढे पुन्हा पुन्हा येऊन उभे राहायचे. त्याला हाकलतात, ढकलतात, तो परत येतो. गाड्या मागून सुसाट जात राहतात आणि आपण पाहत बसतो तो गाडी नसलेला माणूस. या चित्रप्रकाराची सगळी दिशा त्या काही मिनिटांत ठरून गेली असे मला वाटते. शर्यत श्रीमंतांची, पडदा मात्र त्याचा ज्याला शर्यतीत जागा नाही.

त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये ‘मेबल अ‍ॅट द व्हील’ आला. नायिका मेबल नॉर्मंड, दिग्दर्शनातही तिचा वाटा. खलनायक चॅप्लिन नायकाला पळवतो, तेव्हा शर्यतीच्या गाडीच्या चाकामागे मेबल स्वतः बसते. १९१४ साली बाईने मोटार हाकणे हीच अनेकांना थट्टा वाटत असताना इथे थट्टा होते ती तिला अडवणाऱ्यांची. चाक कुणाच्या हाती असावे याविषयीची समाजाची ठाम मते शर्यत अशी दोन घटकांत उलटी करते.

१९६५ चा ब्लेक एडवर्ड्स यांचा ‘द ग्रेट रेस’ हा या प्रकारातला भव्य नमुना. त्याला आधार होता १९०८ च्या खऱ्या शर्यतीचा. १२ फेब्रुवारी १९०८ रोजी न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधून सहा मोटारी पॅरिसला जायला निघाल्या, तेही पश्चिमेच्या बाजूने, अमेरिका आणि आशिया ओलांडून. रस्ते नव्हते, बर्फ होते, काही ठिकाणी गाड्या रेल्वेच्या रुळांवरून न्याव्या लागल्या. अमेरिकेची ‘थॉमस फ्लायर’ ३० जुलैला पॅरिसला पोचली. जर्मनीची ‘प्रोटोस’ चार दिवस आधीच पोचली होती, पण नियमभंगाच्या दंडामुळे विजय ‘थॉमस फ्लायर’ला मिळाला. वास्तवच इतके अचाट असेल तर विनोदाने आणखी काय करावे? एडवर्ड्स यांनी शुभ्र वेशातला अजिंक्य नायक टोनी कर्टिस आणि काळ्या वेशातला, स्वतःच्याच यंत्रांत अडकणारा प्रोफेसर फेट जॅक लेमन यांना समोरासमोर उभे केले. शेवटी नायक प्रेमापायी अंतिम रेषेआधी मुद्दाम थांबतो आणि आयुष्यभर जिंकण्यासाठी तडफडलेला फेट जिंकतो. तर फेट चिडतो! असला फुकटचा विजय त्याला नको असतो, तो पुन्हा शर्यत मागतो. जिंकण्याच्या हावेची याहून चांगली टर मी पाहिलेली नाही.

अतिहसिताची सवय

‘अतिरेकी’ विनोद हलका, संयत विनोद भारी, अशी एक समजूत आपल्याकडे सुशिक्षितांत रुजली आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. पहिले दोन उत्तम प्रकृतीच्या पात्रांचे, शेवटचे दोन अधम प्रकृतीच्या. म्हणजे मोठ्याने, डोळ्यांत पाणी येईस्तोवर, बरगड्या धरून हसणे खालच्या पायरीवर गेले. पण ही प्रतवारी पात्रांची आहे. हास्यरसाच्या मुळाशी भरतांनी जी कारणे दिली आहेत त्यांत विकृत वेश, विसंगत अलंकार, वाकडे चाळे हेच येते. खटाऱ्याला शर्यतीत उभे करणे हा विसंगत अलंकारच नव्हे काय?

शिवाय मराठी माणसाला हा अतिरेक परका नाही. तमाशातल्या बतावणीत सोंगाड्या गोष्टीला शेपूट लावत लावत ती आभाळाला टेकवतो. श्रोत्यांना ती खोटी आहे हे पहिल्या वाक्यापासून ठाऊक असते. मजा येते ती तो थापा किती नेटाने रचतो याची. किशोरकुमारच्या अभिनयात परदेशी नटांच्या खुणा अभ्यासकांनी दाखवल्या आहेत, डॅनी के या नटाचे त्याला असलेले आकर्षण प्रसिद्ध आहे. मराठवाड्यातल्या प्रेक्षकाला मात्र तो ओळखीचा वाटतो तो सोंगाड्याच्या नात्याने. हातपाय आवरत नाहीत, बोलणे मध्येच गाणे होते, गाणे मध्येच किंकाळी होते.

या अतिरेकामागे तंत्राची साधी गणिते असतात. मूकपटांच्या काळात कॅमेरा हाताने फिरवत. तो सावकाश फिरवला आणि पडद्यावर नेहमीच्या गतीने दाखवला की माणसे तुरुतुरु पळतात. बोलपटात सेकंदाला चोवीस चित्रे दाखवली जातात. चित्रण सोळाने केले तर पडद्यावरची गती दीडपट होते आणि ताशी चाळीस किलोमीटरने जाणारी गाडी साठने गेल्यासारखी भासते. नटांना गाडीत जवळून दाखवायचे असेल तर गाडी स्टुडिओत उभी करत, मागच्या पडद्यावर आधी चित्रित केलेला रस्ता पळवत आणि दोन माणसे बाहेरून गाडी हलवत. गंभीर चित्रपटात ही लबाडी उघडी पडली तर रसभंग होतो. विनोदी चित्रपटात ती उघडी पडणेच उपकारक ठरते. हे खोटे आहे, म्हणजे कुणाला लागणार नाही, असे आश्वासन त्यातून मिळते. या आश्वासनाकडे पुढे परत यायचे आहे.

मराठीतली गाडी अडते

मराठी विनोदाकडे या दृष्टीने पाहताना एक वेगळीच गोष्ट जाणवते. आपल्याकडची विनोदातली गाडी धावते कमी, अडते जास्त. पु. ल. देशपांडे यांच्या ‘म्हैस’ या कथेत एसटी एका म्हशीपायी थांबते, आणि ती थांबते म्हणूनच आतली माणसे आपल्याला भेटतात. २००८ च्या ‘दे धक्का’ या मराठी चित्रपटाचे तर नावच न चालणाऱ्या गाडीवरून आहे. सुदेश मांजरेकर आणि अतुल काळे यांचे दिग्दर्शन, मराठवाड्याचे मकरंद अनासपुरे मुख्य भूमिकेत. मुलीच्या नाचाच्या स्पर्धेसाठी मुंबई गाठायची, वेळ थोडा, पैसा त्याहून थोडा आणि गाडी धक्का दिल्याशिवाय सुरू न होणारी. कल्पना ‘लिटल मिस सनशाइन’ या २००६ च्या अमेरिकी चित्रपटावरून घेतलेली, पण बाप वाहनांचे इंधन वाचवणारे यंत्र शोधलेला आणि त्या शोधाचे श्रेय व मोल मिळवण्यासाठी झगडणारा. पुन्हा तोच मुद्दा: हात ज्याचे राबले त्याला मोबदला मिळाला नाही.

इथे प्रतिस्पर्धी दुसरी गाडी नाही, घड्याळ आहे. तरी ही शर्यतच आहे. सगळ्यांनी उतरून ढकलल्याशिवाय ती जिंकता येत नाही, एवढी तिची अट. गाडी ढकलताना माणसाचा मोठेपणा, रुसवा, कपड्यांची इस्त्री सगळे बाजूला ठेवावे लागते. चढावर एसटी ढकलण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. गाडी सुरू होईपर्यंत प्रवाशांत ओळख झालेली असते.

हसण्याचा करार

या सगळ्या चित्रपटांच्या बुडाशी एक न लिहिलेला करार असतो: पडद्यावर काहीही मोडेल, माणूस मोडणार नाही. गाडी तळ्यात जाते, चालक डोक्यावर शेवाळ घेऊन बाहेर येतो. गाडीचे दोन तुकडे होतात, दोघे दोन दिशांना जातात. कराराचा भंग झाला की हसू तिथेच थिजते.

हा करार किती नाजूक आहे ते पाहायचे तर ‘द कॅननबॉल रन’कडे जावे लागते. अमेरिकी पत्रकार ब्रॉक येट्स याने १९७१ मध्ये वेगमर्यादांच्या निषेधार्थ न्यूयॉर्कपासून कॅलिफोर्नियापर्यंत एक बेकायदा शर्यत सुरू केली. त्या वर्षी तो आणि डॅन गर्नी फेरारीतून पस्तीस तास चोपन्न मिनिटांत पोचले. १९७९ च्या शर्यतीत येट्स आणि दिग्दर्शक हॅल नीडहॅम पोलिसांना चकवण्यासाठी चक्क रुग्णवाहिकेच्या वेशातली गाडी घेऊन उतरले. त्यावरूनच १९८१ चा चित्रपट निघाला. बर्ट रेनॉल्ड्स, रॉजर मूर आणि तेव्हा अमेरिकेत नवखा असलेला जॅकी चॅन अशी फौज त्यात होती. शेवटी श्रेयनामावलीसोबत चित्रीकरणातल्या फजित्यांचे तुकडे दाखवले होते. जॅकी चॅनने ही प्रथा पुढे आपल्या चित्रपटांत उचलली. पाहा, आम्ही मजेत होतो, कुणाला काही झाले नाही, असे ते तुकडे सांगतात.

पण झाले होते. जून १९८० मध्ये चित्रीकरणादरम्यान हायडी फॉन बेल्ट्झ ही चोवीस वर्षांची स्टंट कलाकार बसलेली गाडी समोरून येणाऱ्या वाहनावर आदळली. गाडीत सीटबेल्ट नव्हता. तिची मान मोडली आणि पुढचे सारे आयुष्य तिने अपंगावस्थेत काढले. २०१५ मध्ये ती गेली. तिने न्यायालयीन लढा दिला आणि स्टंटच्या गाड्यांत सीटबेल्टची सक्ती व्हायला तिच्या अपघाताने मोठी चालना मिळाली. प्रेक्षक जिथे हसला तिथे एका कामगाराचे शरीर गहाण पडले होते. नट हसले, फजित्यांच्या तुकड्यांत तीही हसतमुख राहिली असती तर किती बरे झाले असते.

मन्नूच्या पाच रुपये बारा आण्यांशी याचे नाते सरळ आहे. पडद्यावरचा वेग कुणाच्या तरी कष्टावर उभा असतो आणि तो कष्ट करणारा बहुधा नावाच्या पाटीत खाली असतो. चांगला विनोदी शर्यतपट त्याला वर आणतो, वाईट त्याला विसरतो. ‘कॅननबॉल’ पाहताना मी हसलो आहे, पण त्यातली सगळी माणसे गाड्यांची धनी आहेत, त्यात गॅरेज नाही, हे जाणवल्याशिवाय राहिले नाही. म्हणून तो एकदा पाहून पुरतो, आणि मन्नू पुन्हा पुन्हा पाहावासा वाटतो.

आपल्या रस्त्यांवर तर तो करार रोज मोडतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांतला सर्वांत मोठा वाटा अतिवेगाचा. शर्यत पडद्यावरून उतरून रस्त्यावर आली की तिच्यातला विनोद संपतो, हे सांगायला या आकड्यांहून वेगळा पुरावा नको. उलट मला वाटते, खटाऱ्याच्या शर्यतीला हसणारा माणूस रस्त्यावर थोडा शहाणा वागण्याची शक्यता अधिक. वेगाचा तोरा किती हास्यास्पद दिसतो हे त्याने पाहिलेले असते.

दीडशे मर्सिडीजचे शहर

आमचे शहर, तेव्हाचे औरंगाबाद आणि आताचे छत्रपती संभाजीनगर, मोटारींच्या बातम्यांत एकदा देशभर गाजले होते. ऑक्टोबर २०१० मध्ये इथल्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकाच वेळी सुमारे दीडशे मर्सिडीज खरेदी केल्या. किंमत सुमारे ६५ कोटी रुपये. मागासलेल्या मराठवाड्याने जगाला दाखवून दिले, असा अभिमानाचा सूर उमटला आणि त्यात खोटे काही नव्हते. वाळूजला बजाज, शेंद्र्याला स्कोडा, त्यांच्याभोवती वाढलेले शेकडो लघुउद्योग, यांतून ती ऐपत आली होती. पण पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मध्ये त्याच वेळी दुसरी बाजू दाखवली. या आलिशान गाड्यांना बँकेने सात टक्क्यांनी कर्ज दिले होते आणि याच भागात ट्रॅक्टर घेणाऱ्या शेतकऱ्याला त्याहून कितीतरी चढा दर पडत होता.

या दोन बातम्या शेजारी ठेवल्या की ‘चलती का नाम गाडी’चा विनोद आजच्या मितीला का लागू पडतो ते कळते. ज्यावर पोट चालते ते यंत्र महाग पडते, ज्यावर मिरवायचे ते स्वस्त. राजा हरदयालसिंगाची जातकुळी बदलली असेल, शर्यतीची मांडणी तीच आहे. एका बाजूला चकचकीत गाड्यांची रांग, दुसऱ्या बाजूला तारेने आवळलेली, पण आतून नीट कळणारी जुनी गाडी.

आता गाड्याही बदलत आहेत. बॉनेट उघडले तर आत काळे प्लास्टिकचे झाकण दिसते, बिघाड संगणक शोधतो, भाग दुरुस्त होत नाही, बदलला जातो. इलेक्ट्रिक गाडीत तर कार्बोरेटरही नाही आणि प्लगही नाही. पान्ह्याच्या आवाजावरून बिघाड ओळखणारे उस्ताद आमच्या बाजारातून एकेक करून कमी होत आहेत. त्यांच्या हाताखालचे पोरगे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात गणवेश घालून उभे असते. ज्या खटाऱ्याने शर्यतपटाला नायक दिला, तो खटारा आणि तो नायक दोन्ही एकदमच हद्दपार होत आहेत.

तेव्हा हा चित्रप्रकार संपेल का? मला तसे वाटत नाही. यंत्र कोणतेही असो, त्याचा मालक आणि त्याला चालते ठेवणारा ही दोन माणसे राहतीलच, आणि त्यांच्यातला हिशेबही राहील. तो हिशेब चुकता होत नाही तोवर कुणीतरी तो मागत राहणार, कधी मोर्चात, कधी कोर्टात, तर कधी अवजारांवर ताल धरून गात. त्यांपैकी तिसऱ्या मार्गाने मागणाऱ्याचे ऐकायला आपण तिकीट काढून जातो, आणि हसता हसता त्याची बाजू घेऊन परत येतो.